शंभर फुटीजवळचं मंगा-गेमचं दुकान : सहा महिन्यांनंतर

मी एसटीत कंडक्टर आहे. सांगली-जत, सांगली-कोल्हापूर, कधी मिरजेच्या फेऱ्या, ड्यूटी लागेल तशी. वय ३९. हे आधीच सांगते, कारण मंगा म्हणजे जपानी चित्रकथा भाड्यानं देणाऱ्या ज्या दुकानाबद्दल लिहितेय तिथल्या गिऱ्हाइकांत माझ्या वयाचं दुसरं कुणी मला अजून दिसलेलं नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा मालकानं विचारलं होतं, "ताई, मुलासाठी बघताय काय?" मुलीसाठीच गेले होते. तिचं दहावीचं वर्ष, आणि ही पोरगी अभ्यासाच्या वहीखाली धरून काय वाचते ते एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून. आता तिची परीक्षा तोंडावर आलीय म्हणून ती येत नाही. मी येते.

दुकान सांगलीत, विश्रामबागेत, शंभर फुटी रस्त्याच्या आतल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. खाली झेरॉक्सवाला आहे, त्याच्या शेजारून जिना. बोर्ड लहान आहे, पहिल्यांदा जाणारा माणूस हमखास पुढं निघून जातो. वर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत पुस्तकं, आतल्या खोलीत दोन टीव्हींना जोडलेले कन्सोल आणि एक कॉम्प्युटर. पुस्तकासाठी डिपॉझिट ३०० रुपये, एका भागाचं भाडं २० रुपये, मुदत चार दिवस. गेमला तासाला ४० रुपये. घरी मुलीनं मागवलेल्या एका भागाची किंमत ५९९ रुपये होती आणि ती मालिका १५ भागांची आहे. २० रुपयांचं मोल मला तिथंच कळलं.

पुस्तकांच्या रॅकचा सगळ्यात खालचा कप्पा रिकामा असतो. पहिल्या मजल्यावर दुकान, जागा आधीच कमी, वरच्या कप्प्यात पुस्तकं दाटीवाटीनं कोंबलेली, आणि खाली अख्खी फळी मोकळी. मी विचारलं तेव्हा मालक म्हणाला, त्याचं घर गावभागात. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा हॉस्टेलच्या दिवसांपासून जमवलेली त्याची मंगाची पुस्तकं पलंगाखालच्या ट्रंकेत होती. पाणी उतरल्यावर ट्रंक उघडली तर पुस्तकं एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झालेल्या. "तेव्हापासनं खाली काय ठेवायला हात होत नाही, ताई," एवढंच बोलला. त्या पुरात आमचीही गाडी कितीतरी दिवस डेपोतच उभी होती. पुढं मी काही विचारलं नाही.

आता वाचण्याबद्दल. मंगाचं पुस्तक आपल्या दृष्टीनं शेवटून उघडतं. पान उजवीकडून डावीकडं, चौकटीही उजवीकडून डावीकडं. मी पहिला भाग नेहमीसारखा उघडला तर पहिल्याच पानावर इंग्रजीत लिहिलेलं, थांबा, तुम्ही चुकीच्या बाजूनं आलात. मालकानं सांगितलं, पूर्वी इंग्रजी आवृत्त्या काढताना चित्रं आरशातल्यासारखी उलटवून छापायचे. त्यात उजव्या हातात तलवार धरणारा माणूस डावखुरा व्हायचा. आता मूळ दिशाच ठेवतात. दोन भागांत डोळ्याला सवय होते. माझं इंग्रजी बी.ए.पुरतं, तेही विसरत चाललेलं. तरी मला अडलं नाही. निम्मं चित्रच सांगतं, बोलणं छोट्या छोट्या वाक्यांत असतं, आणि ही पोरं-पोरी जेवणखाण, परीक्षा, भांडणं यांबद्दलच बोलत असतात.

एक गोष्ट मला फार भावली. जपानीत आवाजांचे शब्द चित्रातच काढलेले असतात, चित्राएवढे मोठे. दार आपटलं, पाऊस आला, पोटात कावळे ओरडले, सगळ्याला शब्द. हे आपल्याला नवीन नाही. धाडकन, सळसळ, खळखळ, रिपरिप, मराठीत असे शब्द पोत्यानं आहेत. पण त्यांच्याकडं शांततेलाही आवाज आहे : शीऽऽन. सगळे गप्प झालेले दाखवायचे असले की त्या चौकटीत 'शीन' लिहितात. मी जतच्या शेवटच्या गाडीला असते तेव्हा डफळापूर सोडल्यावर गाडीत जे होतं ते हेच. माणसं पेंगायला लागतात, इंजिन चालू असूनही गाडी शांत होते. त्याला आजवर माझ्याकडं शब्द नव्हता.

कपाटाची मांडणी समजून घ्या, विशेषतः पालकांनी. मंगा म्हणजे लहान मुलांचं कार्टून, असं आपण धरून चालतो, कारण आपल्याकडं घराघरांत डोरेमॉन टीव्हीवरून आला. जपानात वाचकाच्या वयाप्रमाणं वेगवेगळी मासिकं, साप्ताहिकं निघतात. शोनेन म्हणजे वाढत्या वयाच्या मुलांसाठी, शोजो मुलींसाठी, सेईनेन मोठ्या पुरुषांसाठी, जोसेई मोठ्या बायकांसाठी. वाचणारे मात्र सगळे सगळं वाचतात. शोनेन जंप नावाचं त्यांचं प्रसिद्ध साप्ताहिक १९६८ पासून चालू आहे. त्यात दर आठवड्याला एकेका कथेचं एकेक प्रकरण येतं, वाचक पोस्टकार्डानं आवड कळवतात, आणि त्या आवडीवर कथेचं आयुष्य ठरतं. नंतर त्या प्रकरणांचे भाग करून पुस्तकं काढतात. या दुकानात सुरुवातीला सगळं एकाच रॅकमध्ये होतं, आणि मोठ्यांसाठीची, रक्तपाताची पुस्तकं सहावीच्या मुलाच्या हाताला लागत होती. मी ते मालकाला स्पष्ट सांगितलं. आठ दिवसांत त्यानं कुलपाचं कपाट आणलं. आता त्यातलं पुस्तक मागितलं की तो वय विचारतो आणि शंका आली तर घरी फोन लावतो. या गोष्टीसाठी मी त्याला पूर्ण मार्क देते.

दुकानातली माझ्या मते सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे काउंटरवरची २०० पानी वही. प्रत्येक भागाची एकच प्रत आहे. तुम्हाला पाहिजे तो भाग बाहेर गेला असेल तर वहीत त्याच्या नावाखाली आपलं नाव लिहायचं आणि नंबराची वाट बघायची. एका वेळी एकच पुस्तक मिळतं. मुलीच्या मोबाइलवर ॲनिमेचे, म्हणजे जपानी कार्टून मालिकांचे, सगळे एपिसोड एका रात्रीत बघता येतात, ती बघतेही. इथं तसं होत नाही. त्यामुळं आपल्या पुढं कोण वाचतंय आणि मागं कोण थांबलंय हे माहीत होतं. माझ्या पुढं कुपवाडची नववीतली एक मुलगी असायची. तिची आई पुस्तक परत करायला यायची तेव्हा सांगायची, "पोरगी म्हणती, त्या कंडक्टर मावशीला सांग, हा भाग सावकाश वाचा म्हणावं."

मालिका होती 'सिल्व्हर स्पून'. लेखिका हिरोमु आराकावा. त्यांची 'फुलमेटल अल्केमिस्ट' ही २७ भागांची मालिका जास्त गाजली, मुलीला तीच आवडते. मला मालकानं ही दिली, कारण गप्पांत माझं माहेर निघालं. माझं माहेर जत तालुक्यात. वडील मेंढरं राखायचे. माडग्याळ जातीची मेंढरं, पांढऱ्या अंगावर तांबूस पट्टे, पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक. आराकावांचं घरही गोठ्याचं, जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरचं. शाळा संपल्यावर सात वर्षं त्यांनी घरच्याच डेअरीत काम केलं, आणि स्वतःचं चित्र काढायचं झालं की त्या चष्मा लावलेली गाय काढतात. २०११ ते २०१९ या काळात ही मालिका चालली. २०१२ साली जपानात तिला मंगा ताइशो हा पुरस्कार मिळाला आणि पुढच्या वर्षी तिच्यावर ॲनिमेही झाला.

गोष्ट साधी आहे. हाचिकेन नावाचा शहरातला हुशार मुलगा स्पर्धेला कंटाळून, घरापासून लांब राहता येईल म्हणून शेतकी शाळेत येतो. त्याच्या वर्गातली बाकी बहुतेक शेतकऱ्यांची मुलं. पहाटे उठून गोठा साफ करायचा, कोंबड्यांची अंडी गोळा करायची. अंडं कोंबडीच्या कुठल्या वाटेनं येतं हे कळल्यावर त्याला ते खाववत नाही. मी मोठ्यानं हसले, डेपोच्या विश्रांतिगृहात, आणि शेजारच्या ताई उठून बसल्या. आमच्याकडं सहा वर्षांच्या पोराला जे माहीत असतं ते या पंधरा-सोळा वर्षांच्या हुशार मुलाला माहीत नाही, आणि लेखिका त्याला हिणवत नाही. त्याला शिकू देते. शेण, चारा, दुधाचा भाव, घोड्याचे खूर, सगळं इतक्या बारकाईनं काढलंय की बघताना वास येतो. पुढं त्याच्या एका मित्राच्या घरचा गोठा कर्जापायी मोडतो, गाई विकल्या जातात आणि त्या मुलाला शाळा सोडावी लागते. ते प्रकरण मी दोन दिवस उघडलं नाही. आमच्या भागात असे गोठे मी रिकामे झालेले बघितलेत.

आणि ते डुकराचं पिल्लू. एका वेतातलं सगळ्यात अशक्त, भावंडांच्या रेट्यात दुधापर्यंत न पोहोचणारं. हाचिकेनचा त्याच्यावर जीव जडतो. याला मोठं करून कापायचंय, नाव ठेवू नकोस, असं सगळे सांगतात. तो नाव ठेवतोच : बुताडोन. म्हणजे डुकराच्या मटणाचा भात. ते काय होणार आहे हे विसरायचं नाही म्हणून तसलं नाव.

कुपवाडची मुलगी तो भाग परत करायला त्या दिवशी स्वतः आली. शाळेच्या कपड्यांतच. मी नुकतीच डेपोत कॅश भरून, वेबिल म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद देऊन थेट आले होते, माझ्याही अंगावर खाकीच. तिनं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "मावशी, तुम्हाला आधी सांगू काय, का वाचताय तुम्ही?" मी म्हटलं, "नको सांगू. मला ठाऊक हाय काय होतंय ते."

मग मी तिला ठिपक्याची गोष्ट सांगितली. आठ वर्षांची होते मी. मेंढी व्याली आणि दोन दिवसांत गेली. कोकराच्या कपाळावर रुपयाएवढा ठिपका. वडिलांनी ते मला दिलं, बाटलीनं शेळीचं दूध पाजायला. ते माझ्या मागं शाळेपर्यंत यायचं. वडील म्हणाले होते, नाव घालू नको. मी घातलं. पुढच्या वर्षी जत्रेला पाहुणे आले आणि वडिलांनी ठिपक्याला नेलं. त्या रात्री मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी जेवले. आणि ते मटण चांगलं लागलं होतं. ही शेवटची गोष्ट मी नवऱ्यालाही कधी सांगितली नव्हती.

मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, यात पण तसंच हाय." आणि होतंही तसंच. हाचिकेन सुट्टीत राबून मिळवलेल्या पैशांनी बुताडोनचं सगळं मांस स्वतः विकत घेतो, त्याचं बेकन करतो, मित्रांबरोबर खातो. ते त्याला चविष्ट लागतं. लेखिका त्याला त्याबद्दल गुन्हेगार ठरवत नाही आणि त्याचं दुःखही पुसत नाही. होक्काइदोत बसलेल्या एका बाईनं माझ्या घरातली गोष्ट लिहून ठेवली होती, वळण न लावता. ही पुस्तकं मला का धरून ठेवतात, असं कुणी विचारलं तर मी हेच पान उघडून देईन.

दुकानातल्या बाकीच्यांना काय आवडतं हेही मी बघत असते. अकरावीची मुलं 'हायक्यू' या व्हॉलीबॉलच्या मालिकेवर तुटून पडतात. ती ४५ भागांची आहे, तिच्यासाठीच्या रांगेनं वहीची पाच-सहा पानं भरलीत. त्यांतला एक म्हणाला, यात हरणाऱ्या संघालाही पानंच्या पानं दिलेली असतात. तो स्वतः शाळेच्या संघात राखीव आहे. मला एवढं पुरलं.

आता आतली खोली. भांडणाच्या गेमांपाशी एक तालमीतला पोरगा असतो, सकाळी लाल मातीत आणि संध्याकाळी इथं. त्यानं मला समजावलं की पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं पळतात आणि प्रत्येक डावाला ठरावीक चित्रं लागतात. ठोसा हुकला की हात परत जागेवर येईपर्यंतची चित्रं तुम्ही उघडे. "मावशी, ही कुस्तीच हाय. ढाक फसली की मानगूट समोरच्याच्या हातात." कुस्तीत पोरगा जे अंगानं शिकला तेच इथं बोटांनी करतो. या गेमांत डावाला डाव जोडून मारायची जी पद्धत आहे, कॉम्बो म्हणतात तिला, ती १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २' मध्ये बनवणाऱ्यांनी ठरवून घातलेली नव्हती. ती अनवधानानं राहून गेली, त्यांच्या लक्षात आली, त्यांनी तशीच राहू दिली, आणि पुढं सगळा खेळ तिच्यावर उभा राहिला.

मी खेळते ते कॉम्प्युटरवर, 'स्टारड्यू व्हॅली'. शेतीचा गेम आहे. २०१६ साली आला, आणि तो एरिक बॅरोन या एकट्या माणसानं चार वर्षांहून जास्त खपून बनवला, चित्रं आणि संगीतासकट. त्याच्यापुढं नमुना होता 'हार्वेस्ट मून' या १९९६ च्या जपानी गेमचा. पडीक जमीन मिळते, ती साफ करायची, बी लावायचं, झारीनं पाणी घालायचं. घरातल्या टीव्हीवर उद्याचं हवामान सांगतात. पाऊस सांगितला की दुसऱ्या दिवशी पाणी घालावं लागत नाही, तो दिवस मोकळा. पहिल्यांदा गेममध्ये पाऊस पडला तेव्हा मी झारी हातात घेऊन नुसती उभी राहिले. आमच्या जतेत पावसाची वाट बघण्यात वडिलांची उमर गेली.

यातल्या जनावरांना कापता येत नाही. विकता येतं, पण कापणं नाहीच. डुकरं जमिनीतून ट्रफल नावाची महाग अळंबी उकरून काढतात आणि म्हातारी न होता जगत राहतात. पुस्तकानं मला जे खरं आहे ते दिलं. या गेमनं आठ वर्षांच्या मला जे पाहिजे होतं ते दिलं. माझ्या शेताचं नाव मी माडग्याळ ठेवलंय आणि पहिल्या डुकराचं ठिपक्या.

हिशेब मात्र नीट समजून घ्या. गेममधला एक दिवस आपल्या साधारण १४ मिनिटांचा. म्हणजे ४० रुपयांत चार दिवसांची शेती. एक मोसम २८ दिवसांचा, त्याला साडेसहा तास, म्हणजे २६० रुपयांच्या आसपास. असले सावकाश खेळायचे गेम तासाच्या दरानं परवडत नाहीत. मालकानं त्यासाठी महिन्याचा पास काढावा असं मी दोनदा सांगितलंय, अजून काढलेला नाही. शिवाय कॉम्प्युटर सामाईक. दिवाळीच्या सुट्टीत कुणीतरी माझ्या शेतावर बसून माझ्या चारही कोंबड्या विकून टाकल्या. मला खरंच वाईट वाटलं आणि मी ते बोलून दाखवलं. त्यानंतर मालकानं प्रत्येकाच्या शेताची यादी भिंतीवर लावली, पण कुलूप असं काही नाही. मुलांच्या शब्दावर चाललंय.

आणखी तक्रारी आहेत. आतल्या खोलीत एकच पंखा, उकाड्यात तिथं अर्धा तास बसवत नाही. एका कंट्रोलरची काठी आपोआप डावीकडं सरकते, माणूस स्वतःच कठड्यावरून खाली जातो, आणि नेमका तोच लहान पोरांच्या वाट्याला येतो. काउंटरवरच्या किचेन आणि बाहुल्या अस्सल नाहीत. विचारलं तर मालक खरं सांगतो, पण तसा कागद लावून ठेवायला पाहिजे. मराठीतलं एकही पुस्तक नाही. ज्या आया मुलांना सोडायला येतात त्या जिन्यातूनच परत जातात, त्यांच्या हातात देण्यासारखं इथं काही नाही, हे मला सगळ्यात जास्त सलतं. मी मालकाला म्हटलं, आठवड्यातून एकदा मीच बसते, चौकटीवर बोट ठेवून मराठीत सांगत जाते. रविवारी दुपारी चार वाजता पहिली बैठक झाली. तीन आया आल्या, एक आजी आल्या. अंड्याचं प्रकरण घेतलं. आजी म्हणाल्या, "त्या पोराला आमच्याकडं धाडा चार दिवस."

जाणार असाल तर सोमवारी बंद असतं, बाकी दिवशी दुपारी दोन ते रात्री नऊ. भडंग घेऊन वर जाता येतं, पण हात साबणानं धुतल्याशिवाय पुस्तकाला हात लावू देत नाहीत. बेसिन जिन्याच्या वरच आहे. 'सिल्व्हर स्पून'चा पुढचा एक भाग दोन महिन्यांपासून कुणाकडं तरी अडकलाय. वहीत नाव आहे, फोन लागत नाही. ज्यांच्याकडं असेल त्यांनी तो झेरॉक्सवाल्याकडं ठेवला तरी चालेल, कुणी काही विचारणार नाही. त्या भागाच्या रांगेत पहिली कुपवाडची मुलगी आहे, दुसरी मी, आणि माझ्या खाली आता त्या आजींनी नाव लिहिलंय.